हळदीचा अंगठा

नोकरीत असताना खुनाचे, दरोड्याचे, घरफोडीचे कितीतरी तपास माझ्या हातून झाले. त्यांतल्या निम्म्यांचे तपशील आज मला केस डायरी उघडल्याशिवाय सांगता येणार नाहीत. पण बाथरूमच्या नळांच्या एका जाहिरातीपायी सुरू झालेली ती घटना अजून काल घडल्यासारखी आठवते. बायको म्हणते, दरोडेखोर विसरलात आणि नळ तेवढे लक्षात ठेवलेत. खरे आहे तिचे. या प्रकरणात कोणाला अटक झाली नाही की पेपरात दोन ओळी आल्या नाहीत. नावे मी सांगणार नाही, गावाचेही सांगणार नाही. ती माणसे अजून तिथेच राहतात आणि त्यांना एकमेकांच्या लग्नाला जायचे असते.

मी त्यावेळी कल्याण-डोंबिवली भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. आमच्या हद्दीत एकीकडे वीस-बावीस मजल्यांचे टॉवर आणि त्यांच्या मधोमध आगरी समाजाची जुनी गावे, देवळासकट आणि तळ्यासकट तशीच राहिलेली. एप्रिल संपत आला होता, लग्नसराई जोरात होती. एका रविवारी सकाळी गोपनीय शाखेचे काम बघणाऱ्या हवालदाराचा फोन आला. हा हवालदार स्वतः शेजारच्या गावचा आगरी, त्यामुळे त्याच्याकडे खबर आमच्या आधी पोचायची. गावातली पंचवीस-तीस पोरे कल्याणच्या एका नळ-फिटिंगच्या मोठ्या दुकानाच्या काचा फोडायला निघाली आहेत, असे तो म्हणाला. कारण विचारले तर म्हणाला, "साहेब, आमचा ढवळा नळाच्या जाहिरातीत लावलाय त्यांनी."

मी घाटावरचा माणूस. ढवळा म्हणजे काय, हे मला गाडीत बसल्यावर त्यानेच समजावले. आगरी लग्नात भटजी नंतर येतो. त्याआधी मांडव, हळद, देवक हे सगळे विधी एक वडीलधारी बाई गाऊन लावते. ती ढवळारीण आणि तिची गाणी म्हणजे ढवळे. ते कुठे लिहिलेले नसतात, गळ्यातून गळ्यात येतात. आणि त्यात ती नवरा-नवरीची, त्यांच्या आईबापांची, गावदेवीची नावे गुंफत जाते. त्यामुळे एका लग्नात गायलेला ढवळा दुसऱ्या लग्नात जसाच्या तसा चालत नाही.

पोरांना आम्ही नाक्यावरच अडवले. काठी उगारावी लागली नाही, उन्हानेच त्यांचा निम्मा जोर उतरला होता. चार जाणत्यांना ठाण्यात आणून बसवले, पाणी दिले. त्यांनी मोबाईलवर जाहिरात दाखवली. नवे घर, चकाकता नळ, त्यातून संथ पडणारे पाणी आणि मागे एका म्हातारीचा खोल, थोडासा घोगरा आवाज. मला तर तो फार गोड वाटला. पण त्यात तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या गावच्या एका मुलीचे नाव अगदी स्पष्ट ऐकू येत होते. ज्या वाहिनीवर गावातल्या बायका मालिका बघतात, तिथेच ही जाहिरात दर ब्रेकला लागत होती. मुलीच्या सासरहून फोन आला होता की आमच्या सुनेचे नाव शॉवरखाली का घेतात. जाणत्यांचा खरा राग मात्र दुकानदारावर नव्हता. तो आवाज गावच्याच ढवळारणीचा होता. त्या म्हातारीने ढवळा विकला, असे ते म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी स्वतःच ठाण्यात आली. सत्तरी ओलांडलेली, आगरी पद्धतीने घट्ट नेसलेले लाल लुगडे, अंगाने काटकुळी. रिक्षा करून एकटीच आली होती. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते की तिने काही विकलेले नाही. अकरा दिवसांनी गावात एका मुलीचे लग्न होते. त्या मुलीच्या आईची हळद हिनेच लावली होती, दोन्ही मावश्यांचीही. आता त्या घराने टिटवाळ्याकडच्या एका दुसऱ्या ढवळारणीला सांगावा धाडला होता. "गावाला माजे हातची हलद नको जाली," ती म्हणाली. हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, पण पदराचे टोक ती सारखे पिळत होती. तिला फक्त त्या लग्नाच्या आधी आपल्यावरचा आळ जायला हवा होता.

हवालदाराने तिचा जबाब लिहून घेतला. मला आयुक्तालयात बैठकीला जायचे होते. ठाण्यात रोज पंधरा-वीस जबाब होतात, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा धरायचा, शाईवर फिरवायचा, कागदावर टेकवायचा, एवढे आमच्या हाताला सवयीचे झालेले असते. मी तसाच तिचा हात धरला. तिने तो मागे ओढून घेतला.

"मना वाचता येत नाय. तुना येतो ना? मंग आदी वाच."

मला राग आला, खोटे कशाला सांगू. बैठकीला उशीर होत होता. तरी वाचून दाखवला. तिने दोन चुका काढल्या. हवालदाराने 'गाण्याचा व्यवसाय करते' असे लिहिले होते, ते तिने खोडायला लावले. हा धंदा नाही, असे तिचे म्हणणे. लग्नघर लुगडे, नारळ आणि तांदूळ देते ते मानाचे. दुसरी चूक गावदेवीच्या नावात होती. मग तिने अंगठा दिला. मी तिचा तक्रार-अर्ज चौकशीवर ठेवला आणि बैठकीला पळालो.

दुकानदार बिचारा घाबरून गेला होता. त्याने लगेच जाहिरात करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांचा त्यांचा स्टुडिओ होता. बाई चाळिशीच्या, नोकरदार घरातल्या, बोलणे मोजून-मापून. आम्ही चोर पकडायला गेलो होतो आणि बाईंनी आमच्यासमोर फाईल ठेवली. प्रत्येक जाहिरातीची वेगळी फाईल, आत अनुक्रमणिका. माझ्या मुद्देमाल कारकुनाला मी पुढे वर्षभर त्या फाईलचे उदाहरण देत होतो आणि तो वर्षभर माझ्यावर मनातून चिडत होता.

या धंद्याची रीत मला त्यांनीच शिकवली. लहान जाहिरातीसाठी गायक-वादक बोलावणे परवडत नाही. इंटरनेटवर तयार संगीताची आणि चित्रफितींची मोठमोठी भांडारे असतात, तिथून हवा तो तुकडा परवाना घेऊन वापरायचा. पण परवान्यातही प्रकार असतात. नुसते मोबाईलवर दाखवायचे असेल तर एक, टीव्हीवर प्रसारित करायचे असेल तर दुसरा, आणि तो ज्या ग्राहकाची जाहिरात त्याच्या नावाने घ्यावा लागतो. पुष्कळ लोक पहिला परवाना घेऊन टीव्हीवर खपवतात. बाईंनी तसे केले नव्हते. त्यांच्याकडे दुसऱ्या प्रकारचा परवाना दुकानाच्या नावाने होता. भांडारात त्या तुकड्याचे नाव नुसते भारतीय लग्नाचे पारंपरिक गीत असे होते आणि बोली बाईंना कळत नव्हती. "आवाज ऐकला आणि नवीन घराची वास्तुशांत आठवली," त्या म्हणाल्या. ढवळ्यात खरीखुरी नावे असतात हे कळल्यावर त्याच दुपारी वाहिनीला कळवून त्यांनी जाहिरात थांबवली. कोणी सांगितले नव्हते त्यांना.

जाहिरात थांबली, पण म्हातारीवरचा आळ थांबला नाही. हा तुकडा भांडारात कोणी दिला, हे आम्ही त्या परदेशी कंपनीला ईमेलने विचारले. बाईंनीही ग्राहक म्हणून विचारले. पाच दिवसांनी उत्तर आले. देणारा विठ्ठलवाडीचा, लग्नांचे व्हिडिओ करणारा एक माणूस होता. सोबत गाणाऱ्याचे संमतीपत्र जोडले होते. अख्खे इंग्रजीत आणि खाली अंगठा.

ठाण्याच्या प्रिंटरवर कागद काढला. अंगठा जरा फिसकटलेला होता, पण ठसे तज्ज्ञाने म्हातारीच्या जबाबावरच्या अंगठ्याशी ताडून पाहिले आणि एकाच व्यक्तीचा असल्याचे सांगितले. मी म्हातारीला बोलावून तो कागद दाखवला. तिने ठशावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "अंगठा माजा आसल. पन मी दिला नाय."

हे वाक्य मी आरोपींच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. सही माझी आहे पण मी केली नाही, गाडी माझी आहे पण मी चालवत नव्हतो. मला वाटले, म्हातारीला त्यावेळी काय ते कळले नसेल, चार शब्द गोड बोलून कोणी अंगठा घेतला असेल आणि आता गावाच्या भीतीने नाकारते आहे. तसे मी तिला बोलूनही दाखवले. ती उठली आणि चालू लागली. माझ्या त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते. कागदाची बातमी अर्थात गावात तिच्याआधी पोचली. हवालदार सांगत होता की त्या दिवशी तळ्यावर बायका तिच्याशी बोलल्या नाहीत. लग्नाला पाच दिवस उरले होते.

व्हिडिओवाल्याला बोलावले. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉपची बॅग, साहेब-साहेब करणारा. त्याने शांतपणे सांगितले की तीन वर्षांपूर्वीच्या त्या लग्नानंतर दोन दिवसांनी तो म्हातारीच्या घरी गेला, मराठीत सगळे समजावले आणि तिने खुशीने अंगठा दिला. वर, ओसरी कशी सारवलेली होती आणि चहात गवती चहा कसा घातला होता तेही सांगितले. मी यांतले काहीच विचारले नव्हते. थाप मारणारा माणूस नेहमी न विचारलेले जास्त सांगतो, हा माझा अनुभव. पण अनुभव हा पुरावा नव्हे. मी त्याचा जबाब जसाच्या तसा लिहून घेतला, ओसरी आणि चहासकट, आणि सही घेऊन सोडले.

प्रकरण फिरले ते बाईंच्या स्टुडिओत. परवान्याबद्दल त्यांचा जबाब घ्यायचा होता म्हणून मी आणि हवालदार गेलो. कंपनीचे उत्तर त्यांनी त्यांच्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडले. संमतीपत्र समोर आले आणि बाईंनी सहज विचारले, "साहेब, अंगठ्याला पिवळी शाईसुद्धा वापरतात का?"

अंगठा पिवळा होता. आमच्या ठाण्याचा प्रिंटर फक्त काळे छापतो, म्हणून आम्हाला तो काळा दिसला होता. तीस वर्षे नोकरी करून मी मूळ कागद रंगीत बघायची तसदी घेतली नव्हती. माझ्या मागे उभा असलेला हवालदार पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, ही शाई नाय. हलद हाय." एरवी माझ्यासमोर शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या क्षणी त्याची बोली त्याच्या तोंडून आपोआप आली.

म्हणजे अंगठा दोन दिवसांनी ओसरीवर घेतलेला नव्हता. हळद चालू असताना, ओल्या हाताचा घेतला होता. आणि ढवळारीण एकदा ढवळ्याला बसली की तो पुरा होईपर्यंत बोलत नाही, कोणाला उत्तर देत नाही, ढवळा मध्ये तोडणे नवरीला वाईट असे मानतात. हवालदाराने हे सांगितल्यावर बाई एकदम म्हणाल्या, थांबा. त्यांनी परवाना घेऊन उतरवलेला मूळ तुकडा लावला. जाहिरातीत त्यातले थोडेसेच वापरले होते. मध्ये एका ठिकाणी आवाजाखाली बारीक खसखस ऐकू आली. बाई म्हणाल्या की ही खसखस त्यांना जाहिरात करताना खूप सतावत होती. लुगड्याची सळसळ असेल असे समजून त्यांनी जाहिरातीत नेमक्या त्या जागी नळ सोडला होता. आम्ही तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला. लुगडे असे वाजत नाही. म्हातारीच्या पदराला माईक लावलेला होता आणि तिच्या हाताखाली कोणीतरी कागद सरकवत होते. तिचा आवाज मात्र एका मात्रेनेही थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवाल्याला पुन्हा बोलावले. मी आवाज चढवला नाही. आधी त्याचा जबाब वाचून दाखवला, मग रंगीत कागद पुढे ठेवला आणि मोबाईलवर तो तुकडा लावला. खसखस आली तशी त्याने मान खाली घातली. मग तो सगळे बोलला. संमतीपत्राशिवाय भांडार गाणे घेत नाही, त्याची आधीची दोन गाणी परत आली होती, म्हणून त्या हळदीला तो छापील कागद खिशात घालून गेला होता. नंतर विचारले तर म्हातारी नाही म्हणेल अशी त्याला भीती होती.

"साहेब, मी कागद धरला, ती मान हलवत होती. मला वाटलं हो बोलली."

"गाताना ती मान हलवतेच," मी म्हणालो.

"हो. ते मला माहीत होतं," तो म्हणाला आणि रडू लागला.

मला या माणसाचा राग यायला हवा होता. पण त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये सनई वाजवायचे, हा मांडवामांडवांतून वाढलेला. ढवळा चालू असताना बाकीचे कॅमेरेवाले जेवायला जातात, हा एकटा माईक लावून बसायचा. हे गाणे कोणाचेच नसते, मग एका कागदापायी ते कशाला अडावे, असे त्याने स्वतःला पटवले होते. सरकारी वकिलांना विचारले तेव्हा कळले की चाल जुनी असली तरी ज्या गळ्याने गायली त्या गळ्याचा हक्क कायद्याने असतो.

म्हातारीला बोलावून मी त्याचा नवा जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला वाचून दाखवला. आधी तिची माफी मागितली. ती तिने कानाआड केली. फसवणुकीचा गुन्हा दाखल करता येईल, त्याला अटक होईल, हे मी समजावले. तिने एकच विचारले, "याला आत टाकलास तं गाव मना बोलवल कं?"

उत्तर तिच्याकडेच होते. जे इथे साहेबांसमोर बोललास ते मांडवात बोल, असे तिने त्याला सांगितले. आपल्याला दुसरे काही नको. कायद्याचे जाणकार म्हणतील, गुन्हा नोंदवायला हवा होता. असेल. मी दोन दिवस कागद थांबवून ठेवला, याचा मला पश्चात्ताप नाही. दरम्यान त्याने भांडाराला लिहून तो तुकडा आणि खोटे संमतीपत्र दोन्ही मागे घेतले, त्याची प्रत आणून दिली.

हळदीच्या दिवशी दुपारी मी आणि हवालदार साध्या कपड्यांत गेलो. मांडवात टिटवाळ्याकडची ढवळारीण चटईवर बसली होती, आमची म्हातारी मागे खांबाशी, बोलावणे नसताना आलेली. व्हिडिओवाला उभा राहिला. त्याचा आवाज दोनदा गेला, पण त्याने काही लपवले नाही. कागद, हळद, हललेली मान, सगळे सांगितले. एक-दोन पोरे उठली होती, हवालदाराने नुसते बघितल्यावर बसली. मग नवरीची आई हळदीचे ताट घेऊन उठली, खांबापर्यंत गेली आणि म्हातारीसमोर ते ठेवले. पाहुण्या ढवळारणीने चटईवर सरकून जागा केली. तिचाही मान राहिला पाहिजे म्हणून दोघी एकाच चटईवर बसल्या आणि ढवळा सुरू झाला.

मला शब्द कळत नव्हते. एका ठिकाणी बायका चपापल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या. हवालदाराच्या डोळ्यांत पाणी होते. मी काय झाले विचारले. तो म्हणाला, नवरीचं नाव घेतलं, आईबापाचं घेतलं, गावदेवीचं घेतलं आणि आता त्याचं घेतलंय. व्हिडिओवाला कॅमेरा बंद करून कोपऱ्यात बसला होता. त्याला बोली येत होती. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

माणसाच्या 'हो'ची किंमत मला नोकरीच्या शेवटी या प्रकरणाने शिकवली. आम्ही पोलीस, वकील, बँका, दवाखाने, सगळेच दुसऱ्याचा हात धरून कागदावर टेकवत असतो आणि त्याने मान हलवली असे धरून चालतो. व्हिडिओवाल्याने केले ते वाईट, पण पहिल्या दिवशी मी तिचा हात धरला होता तेव्हा वेगळे काय करत होतो? तिने हात ओढून घेतला म्हणून मी वाचलो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्या ठाण्यात कोणाचाही अंगठा जबाब मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय घेतला गेला नाही. ठाणे अंमलदार कुरकुरायचे, रांग लांबायची, मी दाद दिली नाही.

लग्न पार पडल्यावर म्हातारी अर्ज मागे घेण्याचा जबाब द्यायला आली. नवे लुगडे नेसून आली होती, लग्नघरचे. हवालदाराने लिहिले, शाईचा डबा उघडला. या खेपेला तिने वाच म्हटले नाही, हात पुढे करून उभी राहिली. तरी मीच पहिल्या ओळीपासून वाचून दाखवले. मग तिने अंगठा टेकवला. हाताची हळद अजून पुरती गेली नव्हती. कागदावर निळा ठसा उमटला आणि त्याला पिवळी कड होती.